जुलैच्या शेवटच्या शनिवारी निकोडेमसला चला : मिडवेस्टमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
मिडवेस्टमधल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात एका मंडळाच्या बैठकीत उन्हाळी सहलीचा विषय निघाला, तेव्हा मी एक गाव सुचवलं. निकोडेमस, कॅन्सस. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं. लोकसंख्या किती, असं कुणीतरी विचारलं. २०२० च्या जनगणनेत १४ माणसं नोंदली गेली आहेत, असं मी सांगितल्यावर सगळे हसले. "अहो, मग तिथं बघायला काय आहे?" विषय तिथंच मिटला आणि सहल नेहमीसारखी तळ्याकाठी ठरली. हसणाऱ्यांचा मला राग नाही. मलाच त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. ते आता सविस्तर लिहितो आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा.

जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'चं नाव ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. पण १८७३ साली निघालेल्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका फार थोड्यांनी वाचलेली असते. ती अमेरिकेतल्या लोकांना उद्देशून आहे. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांच्याबद्दलचा आदर म्हणून जोतीरावांनी हे पुस्तक त्यांना नजर केलं. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, ही इच्छाही तिथंच नोंदवली. मूळ पुस्तकात हा मजकूर इंग्रजीतही छापलेला आहे. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना तो वाचता यावा, एवढी काळजी त्या माणसानं घेतली होती.

जोतीरावांनी अमेरिका कधी पाहिली नाही. बेड्या तुटल्या एवढं त्यांना पुण्यात बसून कळलं होतं. बेड्या तुटलेली माणसं पुढं कुठं गेली, काय खाल्लं, कुठं घरं बांधली, हे जाऊन बघण्याची सोय त्यांना नव्हती. आपल्याला ती आहे. विचिटा किंवा कॅन्सस सिटीहून गाडी काढली की चार-पाच तासांत आपण निकोडेमसला पोचतो.

निकोडेमस वसवणारी माणसं मुख्यतः केंटकीतून आली. लिंकनचा १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा केंटकीला लागूच नव्हता, कारण गुलामगिरीसाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांत ते सामील झालं नव्हतं. तिथले गुलाम कायद्यानं मोकळे झाले ते डिसेंबर १८६५ मध्ये, १३ वी घटनादुरुस्ती लागू झाल्यावर. मोकळे झाले, पण हातात काही आलं नाही. ज्या मळ्यावर चाबकाखाली राबले, त्याच मळ्यावर आता वाट्यानं नाहीतर मजुरीनं राबायचं. जमिनीचा तुकडा नाही, गुरं नाहीत, अवजारं नाहीत. १८७७ मध्ये काळ्या लोकांना आधार असलेल्या, दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या केंद्रीय फौजाही मागे घेतल्या गेल्या आणि पुढं काय वाढून ठेवलं आहे ते सगळ्यांनाच दिसू लागलं. आपल्याकडे त्याच सालात दख्खनवर मोठा दुष्काळ पडला होता. सावकाराच्या वह्यांना कंटाळून माणसं गाव सोडत होती.

कॅन्ससचं नाव या लोकांच्या तोंडी होतं. जॉन ब्राऊन तिथं गुलामगिरीविरुद्ध लढला होता आणि १८६१ मध्ये ते गुलामगिरी नाकारून संघराज्यात आलं होतं. शिवाय १८६२ चा होमस्टेड कायदा होता. १६० एकर सरकारी जमीन घ्या, पाच वर्षं तिच्यावर राहून ती कसून दाखवा, जमीन तुमची. कसेल त्याची जमीन, ही भाषा आपण आपल्या गावाकडे फार पुढं ऐकली.

डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाकडचा गोरा माणूस, धंदा जमिनी विकून गावं वसवण्याचा. त्याच्या जोडीला डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे पाद्री. या दोघांनी आणखी काही काळ्या सोबत्यांना घेऊन १८७७ मध्ये गाव वसवण्याची कंपनी काढली. स्मिथ अध्यक्ष, हिल खजिनदार. सॉलोमन नदीच्या खोऱ्यात कशी सोन्यासारखी जमीन आहे, याची पत्रकं केंटकीतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून वाटली गेली. गावाला नाव दिलं निकोडेमस. या नावाचा एक गुलाम होता, त्यानं स्वतःचं मोल भरून स्वतःला सोडवून घेतलं, अशी दंतकथा त्या काळी प्रचलित होती.

सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे ३०० माणसं निघाली. रेल्वे एलिस या स्टेशनापर्यंत. तिथून पुढं सुमारे ३५ मैल पायी, पोरंबाळं आणि बोचकी घेऊन. पोचल्यावर पाहिलं तर गावच नाही. झाड नाही, घर नाही, क्षितिजापर्यंत गवत आणि वारा. काही कुटुंबं तशीच मागे फिरली. हिलवर लोक इतके भडकले की त्याला लपूनछपून जीव वाचवावा लागला, अशी हकिकत सांगतात. माझ्या मते ती पत्रकं निव्वळ फसवणूक होती. पण फसवलेल्यांपैकी जे राहिले त्यांनी जे केलं, ते बघण्यासारखं आहे.

लाकूड नव्हतं, म्हणून त्यांनी जमीन कोरली. टेकाडाच्या उतारात खणत आत जायचं, एक खोली करायची, वर फांद्या टाकायच्या आणि त्यावर गवतासकट काढलेली मातीची ढेकळं थापायची. धुराड्याचा एक नळ तेवढा बाहेर. पुढच्या वसंतात केंटकीतून दुसरी टोळी आली, तिच्यात विलियाना हिकमन ही तरुण बाई होती. आणि ही आठवण तिनंच सांगून ठेवली आहे. सोबतच्या पुरुषांनी पुढं बोट दाखवून 'ते बघ निकोडेमस' म्हटलं. तिनं मोठ्या उत्सुकतेनं पाहिलं. घरं दिसेनात. दिसत होता तो जमिनीतून वर येणारा धूर. माणसं जमिनीच्या पोटात राहतात हे तिच्या ध्यानात आलं आणि ती रडू लागली.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी मुलगी ९ वर्षांची होती. ही आठवण मी तिला गाडीत मराठीतून सांगितली होती. तिथं पोचल्यावर ती एका उंचवट्यावर चढली, आणि उतारावरच्या गवतावर पालथी पडून जमिनीला कान लावून बराच वेळ राहिली. मी तिला उठवलं नाही.

पहिला हिवाळा कसा गेला, याची एक गोष्ट निकोडेमसमध्ये अजून आवर्जून सांगतात. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्याकडचं अन्न त्यांना वाटून दिलं. ओसेजांना कॅन्ससमधल्या स्वतःच्या भूमीतून हुसकून दक्षिणेला धाडलं, त्याला तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. ज्यांची जमीन गेली त्यांनी, जमीन शोधत आलेल्यांना जगवलं. आपल्या मराठी शाळेत मुलांना अमेरिकेचा इतिहास सांगताना ही एवढी एक गोष्ट जरी सांगितली तरी पुष्कळ आहे.

वसंत आला, पण नांगराला जनावरं नव्हती. संबंध वस्तीत घोडे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. शतकानुशतकांचं गवत, त्याची मुळं एकमेकांत विणलेली, ती भुई माणसांनी कुदळ-फावड्यांनी फोडली. कॅन्ससच्या इतर गावांत जाऊन मदत मागितली, पुरुष रेल्वेवर आणि शेजारच्या शेतांवर मजुरीला गेले. पाद्री स्मिथ यांची मुलगी जेनी फ्लेचर हिनं मुलांना शिकवायला सुरुवात केली. गावची पहिली पोस्टमास्तरीणही तीच. केंटकीत ज्यांच्या आईबापांना अक्षर ओळखण्याची मुभा नव्हती, त्यांची मुलं जमिनीखालच्या खोलीत पाटी घेऊन बसली. हे वाचताना सावित्रीबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि मला वाटतं कुठल्याही मराठी माणसाला आठवतील.

मग गाव वाढलं. जमिनीखालची माणसं आधी ढेकळांच्या घरात आली, मग लाकडाच्या, मग चुनखडी दगडाच्या. १८८० पर्यंत लोकसंख्या ५०० च्या आसपास गेली. त्या दशकात गावात किराणा-भुसाराची दुकानं होती, हॉटेलं होती, चर्च होती, औषधांचं दुकान आणि बँक होती, बेसबॉलचा संघ होता, आणि एकदा तर एकाच वेळी दोन वर्तमानपत्रं निघत होती. एडवर्ड मॅकेब हा इथलाच. १८८२ मध्ये तो कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. गुलामगिरी सुटून १७ वर्षं झालेली, आणि एका काळ्या माणसाला गोऱ्या मतदारांनी राज्याच्या हिशेबाच्या वह्या सोपवल्या. १८८४ मध्ये पुन्हा निवडून दिलं.

आता रेल्वेची गोष्ट. ती नीट कळली म्हणजे हे गाव १४ माणसांवर का आलं ते कळतं.

त्या काळी प्रेअरीवरच्या गावाचं नशीब रुळांवर ठरायचं. धान्य बाजारात जायचं तर रेल्वे, लाकूड-कोळसा यायचा तर रेल्वे. कंपन्यांना हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्या गावांना एकमेकांशी झुंजवत. जो जास्त पैसे उभे करील त्याच्या दारात स्टेशन. १८८७ मध्ये निकोडेमसच्या लोकांनी मतदान करून १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे घोडा नव्हता, त्या लोकांनी. मोजणीदार येऊन गेले, वर्तमानपत्रांत आता रेल्वे आलीच असं छापून येऊ लागलं. बोलणी फिसकटली. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ आले, पण नदीच्या पलीकडून, गावाला वळसा घालून. काही मैलांवर रेल्वे मजुरांचा तळ पडला होता, तिथंच बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. निकोडेमसचे दुकानदार एकामागून एक तिकडे हलले. काहींनी तर आपल्या लाकडी इमारतीच उचलून ओढत नेल्या. जाऊ नका, थांबा, म्हणून गावच्या वर्तमानपत्रानं विनवण्या केल्या. मग वर्तमानपत्रही बंद पडलं.

आपल्याकडे धरणाखाली गेलेली गावं आहेत, महामार्ग बाजूनं गेला म्हणून ओस पडलेल्या बाजारपेठा आहेत. म्हणून हे दुःख आपल्याला परकं नाही. आणखी एक गोष्ट मला सलते. ज्या हिलनं या लोकांना इथं आणलं, त्यानंच पश्चिमेला काही मैलांवर स्वतःच्या नावाचं हिल सिटी वसवलं होतं, आणि तालुक्याचं ठिकाण म्हणावं तसा काउंटीचा कारभार शेवटी तिथं गेला.

तरी गाव मेलं नाही. दुकानं गेली, शेतकरी राहिले. चर्च, शाळा आणि गहू यांच्या आधारानं त्यांनी पुढची ४० वर्षं काढली. मग १९३० च्या दशकात मंदी आणि धुळीची वादळं एकदमच आली. तरुण माणसं डेन्व्हर, टोपिका, कॅलिफोर्निया अशी पांगली. १९५० च्या दशकात पोस्ट बंद झालं, शाळाही बंद झाली.

पांगलेली माणसं दर वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला परत येतात. वेस्ट इंडीजमध्ये १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी रद्द झाली, त्या दिवसाची आठवण म्हणून हा मुक्तीचा उत्सव १८७८ पासून सुरू आहे. आज त्याला सगळे 'होमकमिंग' म्हणतात. वर्षभर जिथं १४ माणसं असतात तिथं त्या दोन-तीन दिवसांत शेकडो येतात. मिरवणूक निघते, प्रार्थना होते, जेवणावळी उठतात, नवी पोरं म्हाताऱ्यांच्या पाया पडत नाहीत एवढाच फरक. ही सरळ सरळ गावची जत्रा आहे. मुंबईचा चाकरमानी जसा पालखीला कोकणात जातो, कुलूप उघडतो, ओटा झाडतो, तशीच ही माणसं येतात.

या वारसांपैकीच अँजेला बेट्स. त्यांनी १९८८ मध्ये निकोडेमसची ऐतिहासिक संस्था उभी केली आणि गावासाठी पाठपुरावा सुरू ठेवला. १९९६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं आणि नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आलं. पाच इमारती त्यात आहेत. दोन चर्च, एक जुनं हॉटेल, १९१८ ची शाळा आणि १९३९ मध्ये बांधलेला टाउनशिप हॉल. गुलामगिरीनंतर मिसिसिपीच्या पश्चिमेला काळ्या लोकांनी वसवलेल्या गावांपैकी आजवर टिकलेलं सर्वांत जुनं गाव हेच मानलं जातं.

आता, मंडळाच्या कामाशी याचा काय संबंध, हा प्रश्न. बैठकीत तोही निघाला होता. "आपण सांस्कृतिक मंडळ आहोत, यात पडायला नको," असं एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटलं. त्यांचा मान राखून माझं उत्तर इथं देतो. आपल्यापैकी बहुतेकांना इथं येता आलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. तो कायदा झाला तो काळ नागरी हक्कांच्या लढ्याचा होता, आणि वंश बघून माणसांना दारात उभं करायचं की नाही हे ठरवणं चूक आहे, ही गोष्ट त्या लढ्यानं या देशाच्या गळी उतरवली होती. निकोडेमसची माणसं आणि त्यांच्यासारखे असंख्य, हे त्या लढ्याचे पूर्वज. जोतीरावांना त्यांच्या मुक्तीत आपल्या लोकांच्या सुटकेचा मार्ग दिसला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्या लोकांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. हे नातं आपल्या थोरांनी जोडून ठेवलेलं आहे. आपण गणपती बसवतो, दिवाळी करतो, शिवजयंतीला पोवाडा म्हणतो, आणि ते सगळं मला मनापासून प्रिय आहे. महाराष्ट्राच्या संस्कृतीत जोतीरावांची अर्पणपत्रिकाही येते एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून तीन विनंत्या करतो.

येत्या जुलैची एक सहल निकोडेमसची ठेवा. विचिटाहून सलायना, तिथून आय-७० नं हेज, मग १८३ क्रमांकाच्या हायवेनं उत्तरेला स्टॉक्टन आणि २४ क्रमांकाच्या हायवेनं पश्चिमेला. कॅन्सस सिटीकरांना सरळ आय-७० आहे. वाटेत पेट्रोल हेजला भरून घ्या, पुढं पंप कमी आहेत. ऊन कडक असतं, सावली फक्त इमारतींची, तेव्हा पाणी आणि टोप्या भरपूर घ्या. हा त्यांच्या घरचा उत्सव आहे. आपण पाहुणे म्हणून जायचं, आधी तिथल्या संस्थेशी बोलून जायचं, त्यांच्या स्टॉलवर विकत घेऊन जेवायचं, आणि बाहेरगावच्या जत्रेत पाहुणा जसा मागे उभा राहतो तसं उभं राहायचं.

मराठी शाळेत मोठ्या मुलांना ती अर्पणपत्रिका वाचायला द्या. मजकूर अगदी छोटा आहे, एका तासात होतो. मराठी जुनी आहे, पण शेजारी इंग्रजी असल्यामुळे मुलांना ती लागते. उलट इंग्रजीवरून मराठीकडे येण्याचा तो फार चांगला धडा आहे.

आणि ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, निकोडेमसच्या वारसांपैकी कुणाला तरी बोलवा. मानधन द्या, प्रवासखर्च द्या. खर्चासाठी वर्गणी लागली तर माझं नाव पहिलं लिहा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही होमकमिंगला गेलो होतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती रस्त्याकडेच्या पार्कमध्ये बसून खात होतो. शेजारच्या बाकावरच्या एका आजींनी मुलीला विचारलं, तू कुणाच्या घरची? त्या दिवशी तिथं प्रत्येकाला हेच विचारत होते, अगदी आपल्या गावात विचारतात तसं. मुलगी गोंधळली. आम्ही इथले नाही, असं ती म्हणाली, आणि मग पिशवीतून अर्पणपत्रिकेचं पान काढून तिनं आजींना दिलं. मीच ते सोबत नेलं होतं, पण कुणाला द्यायचं धाडस होत नव्हतं. आजींनी चश्मा लावून इंग्रजी मजकूर सावकाश वाचला. नंतर वर्षावर बोट ठेवून विचारलं, "१८७३?" मी हो म्हटलं. "आम्ही इथं आलो त्याच्या चार वर्षं आधी," त्या म्हणाल्या. आमच्या दशमीतला तुकडा त्यांनी मोडून घेतला, आणि भावाला दाखवायला आणखी एक प्रत आहे का, असं विचारलं. माझ्याकडे एकच होती.

या वर्षी मी ५० प्रती छापून ठेवल्या आहेत. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. शुक्रवारी रात्री हेजला मुक्काम करून शनिवारी सकाळी लवकर निघायचा विचार आहे. ज्या मंडळाला सहल ठेवणं जमणार असेल त्यांनी मे अखेरपर्यंत कळवावं, म्हणजे हेजच्या खोल्या एकत्र घेता येतील.

आपला,
एक वर्गणीदार सभासद,
विचिटा, कॅन्सस